पानं नेसलेल्या माणसाचं युद्ध

"शिंगाडे घ्या वो, हिरवे शिंगाडे!" अशी आरोळी कुडव्याच्या आमच्या गल्लीत घुमली आणि मी तव्यावरची पोळी तव्यावरच सोडून दारात धावले. शिंगाडे आले म्हणजे मंडई आली! दिवाळी संपते न संपते तोच आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरायला लागते, आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. मोरपिसांची ढाल नाचवत गोवारी गुराखी येतात, दंडारीचं नाटक रंगतं, जिलेबीच्या कढया पेटतात, आणि ज्यांच्याकडे वर्षभर चिटपाखरू फिरकत नाही त्यांच्याही ओसरीवर पाहुण्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरी दिवाळी होत नसे. पण मंडई सगळ्यांची. मागे पोळी करपली. नवरा म्हणाला, "शिंगाड्यापायी घर जाळशील एखाद दिवस." मी म्हटलं, जळू दे.

मंडई म्हटली की कुणाला दंडार आठवते, कुणाला गर्दीत हरवलेली चप्पल. मला आठवतो पानं नेसलेला एक गोरा माणूस. धबधब्याच्या काठी हातात सुरा घेऊन उभा, आणि छाती अशी की गावातले पैलवान बघून सदऱ्याची बटणं लावून घ्यायचे. एकोणीसशे नव्याण्णवच्या मंडईत त्या माणसामुळे माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. हे ऐकून कुणी भलतंसलतं समजू नये म्हणून सगळं सांगावं लागेल. खरं तर मला सांगायचंच आहे, आठवडाभर जीभ नुसती वळवळतेय.

माझा मोठा भाऊ अशोकदादा तेव्हा गोंदियात एका व्हिडिओच्या दुकानात कामाला होता. मंडईच्या दिवसांत दुकानाचा टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर घेऊन तो गावोगाव फिरायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत मीही त्याच्या मागे. सौंदडच्या स्टेशनवर पॅसेंजरमधून हे सगळं बाड उतरायचं आणि पुढे बैलगाडी. त्या वर्षी हिंदी कॅसेटी मोठ्या गावांनी आधीच पळवल्या. दादाच्या वाट्याला आली ती ही एक, इंग्रजी, जुनीपुराणी, काळी-पांढरी. आमच्या रंगीत टीव्हीवर काळं-पांढरं चित्र उमटलं की लोक आधी टीव्ही बिघडला म्हणून ओरडायचे. त्यात कॅसेटचा आवाजही गेलेला. नुसती खरखर, मधूनच हत्ती चीत्कारला तर तेवढा ऐकू यायचा. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. दादानं माईक उचलला, टीव्हीच्या शेजारी उभा राहिला आणि सगळ्यांचे संवाद आपणच बोलायला लागला, तेही आपल्या झाडीबोलीत!

गोष्ट साधी होती, निदान दादानं लावलेला तिचा अर्थ तरी साधा होता. जंगलात हा पानं नेसलेला माणूस एकटा राहतो. दादानं त्याचं नाव ठेवलं रानबा. त्याची एक म्हातारी हत्तीण, तिचं नाव गजराबाई. नदीपलीकडे दवाखाना चालवणारी एक गोरी डॉक्टरीनबाई. एक दिवस आभाळातून छत्र्या उतरतात आणि बूटवाले शिपाई जंगलात घुसतात. डोंगरात कसलासा धातू असतो, तो त्यांना हवा असतो. जंगलातल्या गावकऱ्यांना ते बंदुकीच्या धाकानं खणायला लावतात. डॉक्टरीनबाई रानबाकडे धावत जाते, काही तरी कर म्हणून हातापाया पडते, आणि रानबा नुसती मान हलवतो. भांडण त्यांचं, आपलं काय! अर्धाअधिक सिनेमा तो असा मान हलवण्यातच घालवतो. आमची पोरं इतकी चिडायची की टीव्हीला खडे मारायचेच काय ते बाकी ठेवायची.

आणि साल कोणतं? कारगिलचं! उन्हाळ्यात लढाई झाली होती, ट्रॅक्टरांवर लावलेले तिरंगे अजून उतरले नव्हते. दादानं पहिल्याच गावात बूटवाल्यांना पाकिस्तानी करून टाकलं. शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली. एका म्हाताऱ्यानं मात्र हात वर करून विचारलं, "अशोक, हे पाकिस्तानी एवढे गोरेफट्ट काऊन दिसून राहिले बा?"

"बरफात राहून राहून, आजा!"

म्हातारा समाधानानं खाली बसला. बूटवाल्यांच्या साहेबाच्या एकाच डोळ्यावर भिंग होतं. त्यावर कुणीतरी ओरडलं, "अर्धाच चष्मा कायले लावला त्यानं?" दादा म्हणाला, "दुसरा डोरा मिटून बंदूक झाडते ना तो!" असा माणूस. त्याला अडवणारा प्रश्न त्या मंडईत कुणाला सुचला नाही. पुढे जंगलाकाठच्या एका गावात त्यानं त्याच शिपायांना सागवान चोरणारे केलं, तर तिथेही तेवढ्याच शिट्ट्या पडल्या. शत्रूचं नाव बदललं तरी सिनेमाचं काहीच अडत नव्हतं. तेव्हा आम्हाला त्याची फक्त मजा वाटली.

आता हे सगळं एकदम उसळून वर यायला कारण झाली माझी मुलगी मित्रा. गेल्या रविवारी ती मोबाईलवर काहीतरी पाहत खिदळत होती. मी सहज डोकावले तर रानबा! तोच धबधबा, तीच हत्तीण, तोच अर्धा चष्मा. मी अशी किंचाळले की शेजारीण भिंतीवरून डोकावली. मग काय, भाजी राहिली चुलीवर, मी मोबाईलला नाक लावून बसले. खाली हिंदीत संवाद उमटत होते. संपल्यावर त्या सिनेमाबद्दल शोधत गेले, वाचत गेले, आणि थक्कच झाले.

जगात दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा असे जंगलपट मुद्दाम काढले जात होते. तिकडे अमेरिकेत पुष्कळ लोकांना वाटायचं की कुठल्या कुठे चाललेल्या लढाईत आपण कशाला पडा. त्यांना हलवायचं होतं, आणि जे हलले होते त्यांचा जोश टिकवायचा होता. म्हणून मग एक बलदंड, सुखी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस जंगलात उभा करायचा आणि शत्रू त्याच्या दारात नेऊन सोडायचा. तू लढाईकडे नाही गेलास तर लढाई तुझ्याकडे येते, हे त्याला शिकवायचं, म्हणजे बघणाऱ्याला आपोआप शिकवलं जातं. जर्मनांविरुद्धचं एक सरकारी भाषणच ते, हत्तीच्या पाठीवर बसवलेलं.

मी ताबडतोब दादाला फोन लावला. त्याचा आता गोंदियात मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, त्यामुळे बोलणं अर्धं हिंदी झालंय. "क्या बात करती है!" तो ओरडला. "म्हणजे आपन तिकडच्या सरकारचा प्रचार करून राहिलो होतो? आन तो बी फुकटात?"

दोघंही पोट धरून हसलो. पण फोन ठेवल्यावर मला जरा खटकलं, हेही सांगायला हवं. मी शिक्षिका आहे. प्रचार हा शब्द मी मुलांना नाक मुरडून शिकवते. आणि इथे मी, बारावी पास झालेली, पहिल्या ओळीत बसून बूटवाल्याला मगरीनं ओढलं की दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होते! तो आनंद खोटा नव्हता. अंगावर काटा यायचा, घसा बसायचा, घरी जाताना वाटायचं की आत्ता कुणीतरी यावं आणि आपण त्याच्याशी दोन हात करावेत. कुणीतरी कुठेतरी बसून हे आपल्यात भरलं होतं आणि ते कोण हे आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं, या विचारानं थोडी भीती वाटते. तरी मगर आठवली की आजही हसू येतं, त्याला मी काय करू?

आणखी एक कळलं. ते जंगल जंगल नव्हतंच. स्टुडिओत बांधलेला धबधबा, रबराची मगर. आमच्या गावच्या ज्या शाळेत हा व्हिडिओ लागला तिच्या मागे खरंखुरं जंगल उभं होतं, मोहाची झाडं, अस्वलं, सगळं. आणि आम्ही खिडक्या झाकून खोट्या जंगलाला टाळ्या वाजवत होतो. त्या खोट्या जंगलातल्या गावकऱ्यांना मूळ सिनेमात एकही वाक्य नाही. घाबरायचं, पळायचं, खणायचं, आणि शेवटी गोऱ्या माणसाभोवती आनंदानं नाचायचं, एवढंच काम. दादाच्या सिनेमात त्यांच्यातल्या एकेकाला नाव होतं. एक मडावी होता, एक कुंभरे होता. खणता खणता ते त्या साहेबाला गोंडीतून अशा शिव्या घालायचे की मागच्या ओळीतली गोंड मंडळी हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची. दोन्ही सिनेमे पाहिलेली मी बहुधा एकटीच. दादाचा चांगला होता.

पण मला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली ती वेगळ्याच गोष्टीनं. मान हलवणाऱ्या माणसाला भांडणात ओढायला तो सिनेमा निघाला होता. आणि यातलं अक्षरही माहीत नसताना दादानं तो नेमका त्याच कामासाठी वापरला, आमच्या गावात, आमच्या बाबांवर!

बाबा म्हणजे गावातला सगळ्यात शांत माणूस. राइस मिलमध्ये हमाली करायचे, घरच्या दोन बांध्यांत, म्हणजे शेताच्या दोन तुकड्यांत, धान लावायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मी कोनाच्या मधात पडत नाही." घरात शब्द चालायचा मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. मोठेबाबा तसे वाईट मुळीच नव्हते. विहारात ते शिक्षणावर असं भाषण द्यायचे की म्हाताऱ्यांनाही शाळेत जावंसं वाटावं. माझा गोंदियाला डी.एड.ला नंबर लागला तेव्हा गावभर पेढे त्यांनीच वाटले. आणि तिरोड्याकडचं स्थळ आलं तेव्हा "शिकन ना, लगन झाल्यावर शिकन" असंही तेच म्हणाले. स्थळवाल्यांनी मात्र साफ सांगितलं होतं, घरी सून पाहिजे, मास्तरीण नको. लग्न माघात. म्हणजे डी.एड.चं पहिलं वर्षसुद्धा पुरं होणार नव्हतं. आई भाजी चिरता चिरता रडायची, दादा मोठेबाबांशी भांडायचा आणि शिव्या खायचा, बाबा बिडी ओढत बाहेर जाऊन बसायचे. मला कुणी विचारलं की मी म्हणायचे, तुम्ही म्हणाल तसं.

आमच्याकडे मुलगी पाहायला आलो असं कुणी म्हणत नाही. मंडईले आलो, म्हणतात. पाहुणे मंडईला म्हणून येतात, चहा देणाऱ्या मुलीकडे दोनदा बघतात, दंडार पाहतात, आणि जाता जाता जिलेबीच्या दुकानापाशी होकार देऊन मोकळे होतात. तिरोड्याचे पाहुणेही तसेच आले, आमच्या गावच्या मंडईला. धान कापून झालं होतं, त्याच्या ओळीनं पसरलेल्या कडपा बांध्यांत वाळत पडल्या होत्या, आणि त्यांच्यामधून लाखोळीचे कोवळे पोपटी कोंब वर आले होते. मला आईची जांभळी साडी नेसवली. पाहुण्यांनी चहा घेतला, माझ्याकडे बघून झालं, आणि मोठेबाबा म्हणाले, "चला, आमच्या अशोकचा व्हिडिओ पाहा. लय मजा येते." बिचाऱ्यांनी हे आपल्या तोंडानं म्हणावं!

शाळेच्या खोलीच्या खिडक्यांवर बारदाना ठोकून दुपारीच अंधार केला होता. बाहेर जनरेटर धडधडत होता, आत धूर, घाम, खोबरेल आणि पायाखाली शिंगाड्याची सालं. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मोठेबाबा आणि बाबा. मी बायकांच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून. मुलगा वाईट नव्हता बरं का. खरं सांगायचं तर त्या खोलीत सगळ्यात मोठ्यांदा तोच हसत होता.

दादा त्या दिवशी पेटलेलाच होता. डॉक्टरीनबाई नदी ओलांडून आली, आणि नेहमी "वाचव रे रानबा" म्हणणारी ती बाई एकदम म्हणाली, "रानबा, वाघाले भेत नाहीस, आन घरच्यायसमोर चूप काऊन बसला आहेस?" लोक हसले. पुढच्या खेपेला तिला आणखीच कंठ फुटला. "रानबा, तुही पोरगी बारावी पास झाली, तिचा नंबर लागला, आन तू म्हणतोस मी कोनाच्या मधात पडत नाही?"

माझ्या शेजारची आजी म्हणाली, "अशोक, रानबाले पोरगी कधी झाली रे?"

"आहे ना आजी! कालेजात गेली आहे, म्हनून दिसून नाही राहिली."

आता कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुज सुरू झाली. मोठेबाबांनी वळून दादाकडे असं पाहिलं की मी असते तर माईक टाकून पळाले असते. पण दादाच्या अंगात आलं होतं. मडावी बोलला, कुंभरे बोलला, इतकंच काय, गजराबाई हत्तीणसुद्धा सोंड वर करून म्हणाली की पोरीले शिकू द्या. पाहुणे हसत होते, त्यांना वाटलं हे असंच असतं. माझं काळीज मात्र जनरेटरच्या वर धडधडत होतं. मी बाबांच्या पाठीकडे बघत होते. हात गुडघ्यांवर, मान सरळ, नजर टीव्हीवर. गजराबाईला गोळी लागली, दवाखाना पेटला, दादाचा आवाज चिरकायला लागला. बाबांची पाठ हलली नाही.

मग आला तो क्षण, ज्याची गावोगाव वाट पाहिली जायची. जळत्या दवाखान्यासमोर रानबा उभा राहतो, कमरेचा सुरा उपसतो, कॅमेऱ्याकडे वळतो आणि तोंड उघडतो. इथे दादा जीव खाऊन ओरडायचा, "आता लढाई!" आणि पुढे पाच मिनिटं काही ऐकू यायचं नाही. त्या दिवशी त्यानं व्हीसीआर थांबवला. रानबा उघड्या तोंडानं टीव्हीत थरथरत उभा राहिला. माईकची लांब वायर ओढत, माणसं ओलांडत, दादा सरळ बायकांच्या कोपऱ्यात आला आणि त्यानं माईक माझ्या हातात दिला.

"रानबाचा गरा बसला," त्यानं सगळ्यांना सांगितलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आता तू बोल करुना. मी अजून किती बोलू?"

तोवर मला वाटत होतं की तो बाबांशी बोलतोय. बाबांनी उठावं म्हणून मी तासभर त्यांच्या पाठीला डोळे लावून बसले होते. आणि आता सगळी खोली माझ्याकडे बघत होती. कानशिलं तापली, आणि त्याच वेळी, कसं सांगू, आतून इतकं बरं वाटलं, इतकं मोकळं, की हसूच यायला लागलं. मी उभी राहिले. माईक कुईं करून ओरडला.

"मले शिकाचं आहे," मी म्हटलं.

लोकांना वाटलं रानबाच बोलतोय. शिट्ट्या पडल्या! पानं नेसलेला, सुरा उपसलेला तो आडदांड माणूस, आणि बायकी आवाजात म्हणतो शिकाचं आहे! मुलगा तर खुर्चीवरून पडायचा राहिला. त्या हसण्यावरच मी पुढे गेले. "मले डी.एड. पुरं कराचं आहे. माघात मी लगन नाही करत. कोनासोबतच नाही करत."

हसणं पुढच्या खुर्च्यांपासून थांबत थांबत मागे आलं. मुलाच्या काकांनी मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबा असे उठले की खुर्ची मागे कलंडली. "बंद कर रे ते!" ते दादावर गरजले, आणि मग माझ्याकडे वळले. "आन तू! पाहुन्यायसमोर... ठेव तो माईक खाली!"

माईक काही माझ्या हातून सुटेना. तेवढ्यात बाबा उठले. सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं, ते येऊन माईक काढून घेणार. ते आले नाहीत. त्यांनी कलंडलेली खुर्ची सरळ केली, मोठेबाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"भाऊ, खाली बस. माही पोरगी बोलून राहिली."